सेंट मार्टिन चर्च, व्हॅरम पर्सी

सेंट मार्टिन चर्च हे इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायर काउंटीत, व्हॅरम पर्सी या ओस पडलेल्या मध्ययुगीन गावाच्या जागी उभे असलेले भग्न चर्च आहे. तूरचे संत मार्टिन यांच्या नावाने ते ओळखले जाते. दहाव्या शतकातील एका लहान लाकडी प्रार्थनागृहापासून त्याचा इतिहास सुरू होतो, आणि १९४९ साली येथे शेवटची नियमित उपासना झाली. गाव मात्र त्याच्या सुमारे साडेचारशे वर्षे आधी, इ.स. १५०० च्या आसपास उठले होते. गावाचे एकही मध्ययुगीन घर आज जमिनीवर उभे नाही; चर्च तेवढे राहिले.

१९६२ ते १९७४ या काळात या चर्चचे आतून व बाहेरून सविस्तर उत्खनन झाले. इंग्लंडमधील एखाद्या साध्या गावचर्चचा असा समग्र शोध तोपर्यंत क्वचितच घेतला गेला होता. वास्तूच्या वाढीचे आणि आकसण्याचे बारा टप्पे त्यातून निश्चित करण्यात आले. चर्चच्या दफनभूमीत सापडलेल्या सुमारे सातशे सांगाड्यांमुळे मध्ययुगीन इंग्लिश शेतकऱ्यांच्या शरीरप्रकृतीविषयी जेवढी माहिती या एका गावातून मिळाली, तेवढी फार थोड्या ठिकाणांहून मिळाली आहे.

स्थान

व्हॅरम पर्सी हे यॉर्कशायर वोल्ड्स या खडूच्या दगडाच्या पठाराच्या पश्चिम भागात, मॉल्टन या बाजारपेठेच्या गावाच्या आग्नेयेस आहे. खडूच्या जमिनीत पावसाचे पाणी थांबत नाही, ते झिरपून जाते. त्यामुळे पठारावरील बहुतेक दऱ्या कोरड्या आहेत आणि जिथे झरा फुटतो तिथे वस्ती, असा या टापूचा जुना नियम आहे. व्हॅरम पर्सीची शेतकऱ्यांची घरे दरीच्या पश्चिमेकडील उंच सपाटीवर ओळीने होती. चर्च त्यांच्या खाली, दरीतल्या एका सपाट टप्प्यावर, झऱ्याच्या पाण्याजवळ बांधले गेले. चर्चच्या दक्षिणेला या पाण्यावर बांध घालून तळे केलेले होते. गावातून प्रार्थनेला यायचे म्हणजे उतार उतरून यावे लागे.

गावाच्या नावातील ‘पर्सी’ हा भाग मध्ययुगात येथे जमीनदारी असलेल्या पर्सी घराण्यावरून आला आहे. उत्तरेला दीड-दोन किलोमीटरवर व्हॅरम-ले-स्ट्रीट हे दुसरे व्हॅरम आहे. ते आजही नांदते आहे. दोन्ही नावांमध्ये वाचकांची अनेकदा गल्लत होते.

महाराष्ट्रातील महसुली दप्तरांत ज्या गावी दिवा लागत नाही अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणण्याची पद्धत आहे. वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. व्हॅरम पर्सीचे वर्णन याच शब्दांत केले तर असे म्हणता येईल, की येथे पांढरी उठली, काळीवर गवत वाढले, आणि चर्च मागे उरले.

पॅरिश आणि तिचा भार

हे चर्च इतकी शतके का टिकले हे समजण्यासाठी ‘पॅरिश’ ही व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या अखत्यारीतील टापू. पॅरिश आणि गाव यांच्या सीमा एकच असतील असे नाही. सेंट मार्टिनच्या पॅरिशमध्ये व्हॅरम पर्सीशिवाय रेस्थॉर्प, बर्डेल, टाउथॉर्प आणि थिक्सेनडेल अशा आणखी चार वस्त्या होत्या. या पाचही ठिकाणच्या लोकांचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन याच चर्चमध्ये होत असे. त्यांच्या धान्याचा, लोकरीचा आणि कोकरांचा दशमांशही याच चर्चच्या नावे वसूल होई.

वास्तूच्या देखभालीचा भार मध्ययुगीन चर्च-कायद्याने दोघांत वाटून दिलेला होता. लोक जिथे जमत ते मुख्य दालन व त्याला जोडलेली बाजूची दालने सांभाळणे ही पॅरिशमधील रहिवाशांची जबाबदारी. पूर्वेकडचे वेदीचे दालन सांभाळणे ही दशमांशाच्या मुख्य हिश्श्यावर हक्क असलेल्या ‘रेक्टर’ची जबाबदारी. व्हॅरम पर्सीच्या बाबतीत हा हक्क चौदाव्या शतकात हलजवळच्या हॉल्टेमप्राइस येथील मठाकडे गेला. दशमांशाचा मोठा भाग मठ घेई आणि प्रत्यक्ष उपासनेसाठी एक ‘व्हिकार’ नेमलेला असे. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बरखास्त झाल्यावर हे उत्पन्न मठाच्या हातून गेले. चर्चच्या भिंतींचा पुढचा इतिहास वाचताना कोणती भिंत कोणाच्या खर्चाची होती, हे ध्यानात ठेवणे उपयोगी पडते.

बांधकामाचा इतिहास

सर्वांत जुना अवशेष लाकडी खांबांच्या खड्ड्यांच्या रूपाने मुख्य दालनाच्या जमिनीखाली सापडला. दहाव्या शतकातील ही इमारत अगदी लहान होती. ती पॅरिश चर्च नसून एखाद्या स्थानिक जमीनदाराने आपल्या घराण्यासाठी बांधलेले खासगी प्रार्थनागृह असावे, असे सामान्यतः मानले जाते. इंग्लंडमधील असंख्य गावचर्चांचा आरंभ असाच झाला. जमीनदाराने बांधले, त्यानेच धर्मगुरू ठेवला, आणि आसपासच्या लोकांनी आपले मृत तिथे पुरायला आणले.

लाकडी इमारतीच्या जागी पुढे दोन दालनांचे छोटे दगडी चर्च आले. याच काळातील काही दगडी थडगी वेदीदालनाच्या बाहेर सापडली. ती चर्चच्या आश्रयदात्या घराण्यातील व्यक्तींची असावीत असा तर्क आहे. १०८६ साली विल्यम राजाच्या आज्ञेने झालेल्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनमोजणीत व्हॅरमची नोंद आहे.

नॉर्मन विजयानंतर, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जुन्या चर्चभोवती त्याहून कितीतरी मोठे चर्च उभारण्यात आले. मुख्य दालन लांबरुंद झाले आणि वेदीदालनाला पूर्वेकडे अर्धवर्तुळाकार शेवट देण्यात आला. आज उभे असलेले मुख्य दालन मूलतः या टप्प्यातले आहे. पश्चिमेकडे मनोराही चढला.

त्यानंतरची दीडशे वर्षे वाढीची होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण बाजूची भिंत फोडून तिथे कमानींची रांग बांधली गेली आणि कमानींपलीकडे पडवीसारखे लांबट दालन काढले गेले. तेराव्या शतकात उत्तरेकडेही तसेच दालन झाले. वेदीदालनाचा गोल शेवट पाडून ते चौकोनी आणि अधिक लांब करण्यात आले. चौदाव्या शतकात ईशान्य कोपऱ्यात एक छोटे उपप्रार्थनागृह जोडले गेले. बांधकामासाठी स्थानिक खडू आणि बाहेरून आणलेला अधिक टिकाऊ चुनखडीचा दगड, असे दोन्ही वापरलेले दिसतात. खडू स्वस्त आणि हाताशी असला तरी पाऊस व थंडीत तो भुसभुशीत होतो, त्यामुळे डागडुजी कधी संपत नसे.

गावाचा उत्कर्षही याच काळातला आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी वस्ती सर्वाधिक होती. सपाटीवर घरांच्या ओळी, प्रत्येक घरामागे परसू, जमीनदाराचा वाडा, आणि चारही बाजूंना लांब पट्ट्यांमध्ये वाटलेली सामाईक शेते असा गावाचा नकाशा होता. गवताखालचे उंचवटे आणि खाचा यांवरून तो आजही विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट वाचता येतो.

गाव कसे ओस पडले

व्हॅरम पर्सी प्लेगने ओस पडले, अशी समजूत पर्यटकांत अजूनही ऐकू येते. ती बरोबर नाही. प्लेगने माणसे नेली, यात शंका नाही. परंतु गाव त्याच्या आधीच खचू लागले होते आणि त्याच्यानंतरही दीडशे वर्षे नांदत होते.

१३१५ नंतरच्या वर्षांत अतिवृष्टी, पीकबुडी आणि गुरांच्या साथी यांनी संपूर्ण उत्तर युरोप हैराण झाला. यॉर्कशायरला त्यातच स्कॉटिश सैन्याच्या स्वाऱ्यांची झळ लागली. १३२३ मधील एका नोंदीनुसार व्हॅरमच्या जमीनदारीतील सुमारे दोन तृतीयांश जमीन पडीक होती आणि गिरण्या बंद पडल्या होत्या. १३४९ मध्ये ‘काळ्या मृत्यू’ची साथ यॉर्कशायरमध्ये पसरली. तरीही १३६८ मध्ये गावात सुमारे तीस घरे राहती होती. साथीतून वाचलेल्यांना ओसाड झालेली जमीन कसायला मिळाली, तर काहींना इतरत्र अधिक चांगली मजुरी मिळाली. पुढच्या शतकात घरांची संख्या कमी कमी होत गेली.

गावाला शेवटचा धक्का मालकांनी दिला. १४०३ च्या सुमारास पर्सींनी ही जमीन हिल्टन घराण्याला दिली. पंधराव्या शतकात धान्याचे भाव उतरले, मजुरी चढली आणि लोकरीला मागणी राहिली. नांगरटीला पुष्कळ हात लागतात. मेंढ्यांच्या कळपाला एक मेंढपाळ आणि कुत्रा पुरतो. ज्या जमिनीवर तीस कुटुंबे धान्य पिकवत होती, ती गवताखाली गेली तर मालकाचा खर्च घटत होता. कुळे निघून गेली की जागा पुन्हा भरली जात नसे, आणि शेवटी जी उरली त्यांना घालवून देण्यात आले. अशा हकालपट्ट्यांची सरकारी चौकशी १५१७ मध्ये झाली. हिल्टनच्या जमीनदाराने व्हॅरम पर्सी येथे चार नांगर बंद पाडले आणि चार घरे पडू दिली, अशी नोंद या चौकशीत आढळते. शेकडो वर्षांच्या गावाच्या अंताचे हेच काय ते लिखित वर्णन होय. घालवलेल्या चार कुटुंबांची नावे त्यात नाहीत.

चर्च आकसते

वस्ती घटत असताना वास्तूही लहान होत गेली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडील दालन पाडण्यात आले, सोळाव्याच्या आरंभी उत्तरेकडील. पाडताना कमानींची रांग मात्र काढली नाही. कमानींच्या पोकळ्या दगडांनी भरून त्यांचीच बाहेरची भिंत केली. पाडलेल्या दालनांच्या खिडक्या काढून या भरावात पुन्हा बसवण्यात आल्या. आज चर्चच्या दक्षिण भिंतीकडे पाहिले की भिंतीत गाडल्या गेलेल्या कमानी आणि त्यांच्या पोटातल्या खिडक्या एकत्र दिसतात. या एका भिंतीत वाढ आणि घट हे दोन्ही टप्पे वाचता येत असल्याने ती वास्तूतील सर्वाधिक छायाचित्रे घेतला जाणारा भाग आहे.

वेदीदालन त्यानंतर, सतराव्या शतकात, आखूड करण्यात आले. त्याचा भार ज्यांच्याकडे दशमांश होता त्यांच्यावर होता. मुख्य दालनाचा खर्च उचलणारे रहिवासी आणि वेदीदालनाचा खर्च उचलणारे उत्पन्नाचे मालक या दोघांनी आपापल्या हिश्श्याची इमारत वेगवेगळ्या वेळी, पण सारख्याच हिशेबाने छाटलेली दिसते. धर्मगुरूचे निवासस्थानही सोळाव्या शतकात आगीत जळाल्याचे उल्लेख आहेत. ते नंतर पुन्हा बांधण्यात आले.

वास्तूचा आकार हा लोकसंख्येचा सरळ मापक मानून उत्खननानंतरच्या लेखनात ‘चर्च वाढले कारण माणसे वाढली’ असे समीकरण अनेकदा मांडले गेले. ते मोहक आहे, आणि स्थूलमानाने खरेही असावे. पण दालने वाढवण्यामागे डोकी मोजण्यापलीकडची कारणे असत. अधिकच्या वेदी, मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना, मिरवणुका आणि शेजारच्या गावापेक्षा आपले चर्च मोठे असावे ही हौस या सर्वांचा त्यात वाटा असे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेने यांपैकी बहुतेक प्रथाच रद्द केल्या, तेव्हा लोकसंख्या कायम राहिलेल्या गावांतही काही दालने निरुपयोगी झाली. व्हॅरममध्ये दक्षिणेचे दालन त्या आधीच पडले होते, म्हणून येथे माणसांची घट हे कारण अधिक वजनदार ठरते.

गावाविना चर्च

गाव उठल्यावर पॅरिश उठली नाही. कायद्याने ती तशीच राहिली. रेस्थॉर्प, बर्डेल आणि टाउथॉर्प या वस्त्याही कालांतराने एखाद्या शेतघरापुरत्या उरल्या. थिक्सेनडेल मात्र टिकून राहिले, आणि सेंट मार्टिन चर्चही प्रामुख्याने थिक्सेनडेलच्या लोकांमुळे टिकले. दक्षिणेकडून सुमारे पाच किलोमीटरची डोंगरवाट तुडवून ते रविवारी येथे येत. बाळ बाप्तिस्म्याला आणणे असो की शव पुरायला आणणे, सुमारे साडेतीन शतके त्यांना हाच प्रवास करावा लागे. वोल्ड्सवरील हिवाळ्यात ही वाट बर्फाने बुजून जाते हे लक्षात घेतले, तर या येण्याजाण्याचे कष्ट सहज कल्पनेत येतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील थडग्यांचे जे दगड चर्चच्या आवारात आज उभे आहेत, ते बव्हंशी या आसपासच्या वस्त्यांतील लोकांचे आहेत. चर्चशेजारी अठराव्या शतकात सुधारित पद्धतीचा एक शेतवाडा उभा राहिला होता. तोही पुढे मोडला आणि शेतमजुरांची एक बैठी चाळ तेवढी राहिली.

१८७० मध्ये ही पायपीट संपली. त्या भागातील बडे जमीनदार सर टॅटन साइक्स यांनी थिक्सेनडेलमध्ये स्वतंत्र चर्च बांधून दिले. त्याचे वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट होते. साइक्स यांनी वोल्ड्सवरील अनेक गावांत चर्चे बांधली व दुरुस्त केली, आणि थिक्सेनडेलच्या दृष्टीने हे मोठे उपकाराचे काम होते. सेंट मार्टिनचा आधार मात्र त्यामुळे तुटला. येथील शेवटचे दफन १९०६ मध्ये झाले, शेवटचा विवाह १९२८ मध्ये, आणि शेवटची नियमित उपासना १९४९ मध्ये. वापर थांबल्यानंतर छपरावरील शिसे चोरीला गेले. छप्पर उघडे पडताच पाणी भिंतींत उतरले आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. उरलेला अर्धा मनोरा आतून उघडा पडलेल्या अवस्थेत आजही उभा आहे.

उत्खनन

व्हॅरम पर्सीचा शोध पुरातत्त्वज्ञाने लावलेला नाही. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते. जुने नकाशे आणि करनोंदी यांवरून इंग्लंडमधील हरवलेली गावे शोधण्याचा त्यांना ध्यास होता. मध्ययुगात इतकी गावे ओस पडली असतील हे त्या काळी अनेक इतिहासकारांना मान्य नव्हते. १९४८ मध्ये बेरेसफर्ड प्रथम व्हॅरमला आले, आणि १९५० मध्ये गवताखाली खरोखरच घरे आहेत की नाहीत एवढे पाहण्यासाठी त्यांनी खोदायला सुरुवात केली. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले आणि कामाला शास्त्रीय शिस्त आली. अरुंद चर खणण्याऐवजी घराचा संपूर्ण विस्तार एकाच वेळी उघडा करायचा, ही डेन्मार्कमध्ये रूढ झालेली पद्धत हर्स्ट यांनी येथे अवलंबली. दरवर्षी उन्हाळ्यात काही आठवडे, बहुतांशी स्वयंसेवकांच्या श्रमांवर, हे काम १९९० पर्यंत चाळीस वर्षे चालले. चाळीतील जुने घर हा त्यांचा तळ होता. बेरेसफर्ड यांचा हरवलेल्या गावांवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील अशा गावांची संख्या आता सुमारे तीन हजार मानली जाते.

चर्चचे उत्खनन शक्य झाले ते ते मोडकळीस आले होते म्हणून. नांदत्या चर्चची फरशी उखडून खाली खोल जाण्याची परवानगी कोणी दिली नसती. १९६२ पासून बारा वर्षे मुख्य दालन, वेदीदालन, पाडलेल्या दालनांची जोती आणि बाहेरील दफनभूमीचा काही भाग उघडण्यात आला. चर्चवरील अहवाल १९८७ मध्ये, तर दफनभूमीवरील अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण गावावरील तेरा खंडांची अहवालमाला २०१२ मध्ये पूर्ण झाली.

चर्चबाहेरील उत्खननावरून मध्ययुगीन शेतकऱ्याच्या घराविषयीचे मतही बदलले. घरे इतकी तकलादू होती की दर पिढीला नवी बांधावी लागत, असे हर्स्ट यांचे आरंभीचे मत होते. पुढे स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्याच पुराव्याची पुन्हा छाननी करून दाखवून दिले, की कुडाच्या भिंती वारंवार बदलल्या जात असल्या तरी छपराचे वजन पेलणाऱ्या वाकड्या लाकडी तुळया दीर्घकाळ टिकत असाव्यात.

दफनभूमी

उत्खननात ६८७ व्यक्तींचे सांगाडे मिळाले. त्यांतील बहुतेक मध्ययुगीन आहेत. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील एवढा मोठा आणि एवढा बारकाईने अभ्यासलेला संग्रह विरळा. मृतांना डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून, बहुधा कफनात गुंडाळून पुरलेले आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना तोंड पूर्वेकडे असावे, अशी त्यामागची श्रद्धा होती. जागा मर्यादित असल्याने नवे खड्डे जुन्यांना छेदून जात, त्यामुळे हाडांची मोठ्या प्रमाणात सरमिसळ झाली होती.

अस्थितज्ज्ञ सायमन मेज यांनी या सांगाड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून असे दिसले, की मातांनी मुलांना सुमारे दीड वर्ष अंगावर पाजले होते. याच काळात मुलांची वाढ आजच्या मुलांच्या जवळपास होती. दूध सुटल्यावर ती मागे पडे. चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढी भरे. वाढ मंद असली तरी ती उशिरापर्यंत चालू राही, त्यामुळे प्रौढांची उंची त्या मानाने फारशी कमी नव्हती.

वृद्ध स्त्रियांची हाडे विरळ झालेली आढळली, आणि ते प्रमाण आजच्या पाश्चात्त्य स्त्रियांच्या जवळ जाणारे होते. जन्मभर शेतात राबल्याने हाडे म्हातारपणीही मजबूत राहतात, या समजुतीला त्यामुळे छेद गेला. नऊ सांगाड्यांवर क्षयरोगाच्या खुणा होत्या. गुरांच्या सान्निध्यात राहणाऱ्या या लोकांना क्षय गुरांपासून होत असावा असा कयास होता. प्राचीन डीएनएच्या चाचणीत मात्र माणसाकडून माणसाला होणाऱ्या क्षयाचेच जंतू निघाले.

एक सांगाडा विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे चाळिशीच्या या पुरुषाच्या डोक्यावर कशाचा तरी जबर आघात झाला होता. कोणीतरी त्याच्या कवटीवरील कातडी उलटवून, हाड खरवडून, दबलेले तुकडे काढून टाकले. जखमेच्या कडा भरून आलेल्या असल्याने तो त्यानंतर जगला हे निश्चित. तो दहाव्या-अकराव्या शतकांच्या दरम्यानचा असावा. ज्या गावी लिहिता येणारा माणूस बहुधा धर्मगुरूखेरीज नसेल, तिथे ही शस्त्रक्रिया कोणी केली, फिरत्या वैद्याने की गावातल्याच कुणा अनुभवी हाताने, हे हाडे सांगत नाहीत.

चर्चच्या आवारात जागा न मिळालेलेही काही होते. गावातील घरांच्या दरम्यान एका खड्ड्यात किमान दहा व्यक्तींची १३७ हाडे विस्कळीत अवस्थेत सापडली होती. अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यानच्या या हाडांवर मृत्यूनंतर केलेले सुऱ्यांचे वार, मोडतोड आणि भाजल्याच्या खुणा आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपासमारीतील नरभक्षण आणि परक्यांविषयीचा द्वेष या दोन्ही शक्यता तपासण्यात आल्या. वार सांध्यांच्या जागी नसून प्रामुख्याने डोक्या-मानेच्या भागात होते, आणि दातांच्या विश्लेषणावरून ही माणसे आसपासच्याच भागात वाढलेली होती. मृत माणूस थडग्यातून उठून गावाला त्रास देतो या भीतीपोटी प्रेतांचे तुकडे करून ती जाळली असावीत, हा खुलासा अभ्यासकांना सर्वांत जुळणारा वाटला. अशा उठणाऱ्या मृतांच्या कथा बाराव्या शतकातील इंग्लिश इतिवृत्तांत आढळतात. यॉर्कशायरमध्येच राहिलेल्या न्यूबर्गच्या विल्यमने त्या नोंदवून ठेवल्या आहेत. व्हॅरममधील हाडे एकाच वेळची नसून दोन-तीन शतकांत पसरलेली आहेत, म्हणजे हा प्रकार एका घटनेपुरता नव्हता.

सद्यस्थिती

व्हॅरम पर्सीची जागा राष्ट्रीय संरक्षणाखाली असून तिची देखभाल ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था करते. प्रवेश विनामूल्य आहे. मोटारी वर रस्त्याजवळ ठेवून सुमारे एक किलोमीटर पायवाटेने उतरावे लागते. ‘यॉर्कशायर वोल्ड्स वे’ हा लांब पल्ल्याचा पदभ्रमण मार्गही येथूनच जातो. चर्चच्या भिंती स्थिर करण्यात आल्या आहेत, छप्पर पुन्हा घातलेले नाही. दक्षिणेकडील तळ्यात पाणी पुन्हा भरलेले आहे. सपाटीवरील काही घरांची जोती गवतात आखून दाखवलेली आहेत. जुन्या गावठाणावर आजही मेंढ्या आणि गुरे चरतात, त्यामुळे कुत्री बांधून आणावीत अशी सूचना पाहुण्यांना दिली जाते.